पीअर कोचिंग सांस्कृतिक क्षेत्रात आले कुठून?

संग्रहालये, नाट्यसंस्था, ग्रंथालये आणि कलामहोत्सवांत काम करणाऱ्यांसाठी आता पीअर कोचिंग आणि मेंटॉरिंगची रीतसर प्रशिक्षणे होतात. बरोबरीच्या सहकाऱ्याला त्याच्या अडचणीवर नीट विचार करता यावा म्हणून साथ देणे, हे त्यांचे सूत्र. मात्र कलाक्षेत्राने ही पद्धत स्वतः घडवलेली नाही. तिची पाळेमुळे शोधायला कोळशाच्या खाणीपर्यंत आणि शाळेपर्यंत जावे लागते.

रेग रेव्हन्स मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत नामवंत शास्त्रज्ञही आपल्याला काय उमगत नाही हे एकमेकांपुढे मोकळेपणाने मांडतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा उद्योगातील शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. व्याख्याने ठेवण्याऐवजी खाणींच्या व्यवस्थापकांना त्यांनी एकमेकांकडूनच शिकायला लावले. प्रत्येकाने आपल्या कामातली खरी अडचण सांगायची आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. पुढे ही रीत ‘ॲक्शन लर्निंग’ म्हणून रूढ झाली.

दुसरा धागा अमेरिकेतल्या शाळांचा. कार्यशाळेत शिकलेले वर्गात का उतरत नाही, हा शिक्षण-संशोधक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांचा प्रश्न होता. १९८० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की प्रशिक्षणानंतर रोजच्या कामात सहकाऱ्याची साथ मिळाली, तरच नवी पद्धत अंगवळणी पडते. मग शिक्षक एकमेकांचे तास पाहून अभिप्राय देऊ लागले. पण १९९६ साली या दोघांनी तोंडी अभिप्राय देण्याची पायरीच काढून टाकली. अभिप्राय देता देता सहकारी नकळत तपासनीस होत होता आणि समोरचा सावध होत होता. मला या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. वर्षानुवर्षे जोपासलेली पद्धत इतक्या प्रामाणिकपणे दुरुस्त करणारे थोडेच.

दरम्यान १९८५ साली कॅथी क्रॅम आणि लिन इझाबेला यांनी समपदस्थांच्या नात्यांचा अभ्यास केला. ज्येष्ठ मार्गदर्शकाकडून मिळणारे बरेच काही सहकाऱ्याकडूनही मिळते, आणि तिथे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते, असे त्यांना आढळले.

सांस्कृतिक क्षेत्राला याची गरज का पडली? प्रकाशयोजना असो वा जुन्या चित्राचे जतन, कसब जाणत्याच्या हाताखाली शिकता येते. पण मोजक्या माणसांवर चालणाऱ्या संग्रहालयाच्या प्रमुखाने अनुदान संपत आल्यावर काय करावे, हे विचारायला वर कोणीच नसते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंताला तर बाजूच्या टेबलावरचा सहकारीही नसतो. ब्रिटनमध्ये २००० नंतर सांस्कृतिक नेतृत्वाच्या चणचणीची उघड चर्चा झाली. त्यातून क्लोर लीडरशिप प्रोग्राम उभा राहिला. २००४ मध्ये त्याची पहिली तुकडी सुरू झाली आणि कोचिंग व मेंटॉरिंग हे तिच्या प्रशिक्षणाचे भाग होते. २००६ मध्ये सरकारी पैशावर कल्चरल लीडरशिप प्रोग्राम आला. २०२० मध्ये महासाथीने ८५,००० हून अधिक संग्रहालयांना टाळे लावायला लावले, तेव्हा दुसऱ्या संस्थेतला समदुःखी माणूस किती लागतो हे सगळ्यांनाच जाणवले.

प्रशिक्षणात बहुधा तिघांचा गट करतात: एक बोलतो, एक प्रश्न विचारतो, तिसरा फक्त पाहतो. समजा, कोणी म्हणाले, “विश्वस्तांना हे प्रदर्शन नकोच आहे.” समोरच्याच्या ओठांवर लगेच येते, “आमच्याकडेही अस्संच झालं होतं!” तिथेच थांबायला शिकवले जाते. त्याऐवजी तो विचारतो, “यातल्या कोणाशी तुम्ही अजून एकट्याने बोलला नाहीत?” मग उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. अनुभवी माणसांना हे गप्प बसणेच फार जड जाते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते. हे क्षेत्र लहान आहे. आज मन मोकळे करणारे दोघे उद्या एकाच अनुदानासाठी अर्ज करतात. म्हणून काय बाहेर न्यायचे आणि काय नाही, याचा शब्द पहिल्या बैठकीतच एकमेकांना दिला जातो.