स्कॉटिश बिअर आम्ही कशी निवडतो
(परवानाधारक बिअर शॉपी, परमिट रूम आणि हॉटेलमालकांसाठी)

स्कॉटलंड म्हटलं की गिऱ्हाईक आधी व्हिस्की विचारतं. पण एडिंबराच्या ब्रुअरीज एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात बिअर पाठवत होत्या. तेव्हा ती पिंपांत भरून कित्येक महिने समुद्रावर असायची आणि तरी टिकायची. आम्ही आयात केलेली पहिली खेप मात्र टिकली नाही.

तिकडे चाखून आवडलेली, भरपूर हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) हलकी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, आम्ही मागवली होती. कागदपत्रांच्या घोळात (घोळ आमचाच) माल ऐन मे महिन्यात अडकला. सुटल्यावर गोदामात पहिली बाटली उघडली, तर नाकाला ओल्या पुठ्ठ्याचा वास. हॉप्सचा सुगंध उडालेला, नुसता कडवटपणा मागे राहिलेला. तेव्हापासून आम्ही ‘आज कशी लागते’ हे विचारत नाही, ‘सहा महिन्यांनी कशी लागेल’ हे विचारतो. जहाज, कस्टम्स, एक्साइज, लेबल आणि मग तुमचं कपाट, एवढी मजल बाटलीला मारायची असते.

म्हणून आमच्या यादीत गडद, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) अंगाच्या बिअर जास्त दिसतील. भाजलेल्या बार्लीची चव आणि थोडं जास्त अल्कोहोल असलं की बिअर प्रवास सोसते. वरची मर्यादा आपल्याकडे 8 टक्के. त्यामुळे ऑर्कनी बेटांवरची 8.5 टक्क्यांची ‘स्कल स्प्लिटर’ कितीही मागितलीत तरी देता येत नाही.

ट्रॅक्वेअर हाउस एल (7.2 टक्के) ही आमची लाडकी. दक्षिण स्कॉटलंडमधल्या एका जुन्या गढीत धूळ खात पडलेली अठराव्या शतकातली भट्टी मालकांना सापडली आणि 1965 साली त्यांनी ती पुन्हा पेटवली. आजही तिथे बिअर ओकच्या पिंपांत आंबते. त्याच घरची ‘जॅकोबाइट’ बरोबर 8 टक्क्यांची, आणि तिच्यात चक्क धने असतात! गिऱ्हाईकाला एवढं एकच सांगा, बाटली विकली जाते. मटण सुक्क्याबरोबर ही द्या.

हलकं हवं असेल तर ‘फ्राओख’ (5 टक्के). हिच्यात हेदर या रानझुडपाची फुलं घालतात. चव किंचित फुलांची, किंचित औषधी; सगळ्यांना रुचेलच असं नाही. तळलेल्या बोंबलाबरोबर मात्र झकास. ‘इनिस अँड गन’ची गोष्ट वेगळीच. व्हिस्कीच्या पिंपांना बिअरची चव लागावी म्हणून आधी त्यांत बिअर भरून ठेवायची आणि मग ती फेकून द्यायची, असा बेत होता. फेकायची बिअरच इतकी चांगली निघाली की 2003 मध्ये ती बाटलीत आली. व्हिस्कीवाल्या गिऱ्हाईकाला बिअरकडे वळवायचं असेल तर इथून सुरुवात करा.

साधी लागर, म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळते तसली फिकट बिअर, आम्ही आणत नाही. टेनंट्स ग्लासगोत 1885 पासून बनते आणि तिथे ठीकच आहे, पण ड्यूटी भरून इथल्या लागरशेजारी ठेवली तर गिऱ्हाईक एमआरपी बघूनच हात मागे घेईल.

लेबलवर ‘80 शिलिंग’ दिसलं तर ती किंमत समजू नका. पूर्वी पिंपाच्या भावावरून बिअरची जात ओळखली जायची: 60 म्हणजे हलकी, 80 म्हणजे बऱ्यापैकी दमदार. ‘वी हेवी’ नावाचाही एक प्रकार आहे; त्यातला ‘वी’ म्हणजे छोटा. नावावर जाऊ नका, ती सगळ्यांत जड.

माल आल्यावर बाटल्या उभ्याच ठेवा आणि काचेच्या दारात, ट्यूबलाइटखाली शोभेला मांडू नका. उजेडाने हॉप्स बिघडतात आणि उग्र दर्प येतो; तपकिरी काच थोडं वाचवते, पारदर्शक काच अजिबात नाही. गडद बिअर बर्फासारखी थंड देऊ नका. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा (मे महिन्यात पाचच), मग ग्लासात ओता. थंडगार बिअरची चव जिभेला कळतच नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढे पैसे कशाचे?

21 वर्षांखालच्यांना विक्री नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

मुदत संपायला चार महिन्यांहून कमी उरलेली पेटी आम्ही पाठवत नाही. चुकून आलीच तर उतरवून घेऊ नका, त्याच टेम्पोने परत धाडा.