लव्हाळ्याची ओळख दाण्यात

महापुरात झाडं वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपल्याला पाठ आहे. पण ओढ्याकाठी उभं करून यातलं लव्हाळं कुठलं आणि गवत कुठलं असं विचारलं, तर भलेभले गडबडतात. शेतकरी मात्र मोथा अचूक ओळखतो, कारण खुरपून खुरपून तो हैराण झालेला असतो. लिनियसने १७५३ मध्ये या मोथ्याला सायपेरस रोटंडस असं नाव दिलं. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही याच घराण्यातला.

घराणं ओळखणं तसं सोपं. दांडा चिमटीत धरून फिरवा: लव्हाळ्याचे तीन कंगोरे बोटांना लागतात, आत भरीव गर असतो, मध्ये पेरं नसतात. गवताचा दांडा गोल आणि पेरांचा. लव्हाळ्याची पानं तीन रांगांत निघतात आणि पानाचं आवरण दांड्याभोवती नळीसारखं बंद असतं. अपवाद आहेतच. इलिओकॅरिस या लव्हाळ्यांच्या गटाचे दांडे बऱ्याचदा गोल असतात आणि पानाला पातंच नसतं.

खरी गंमत पुढे, घराण्यातला गट आणि जात ठरवताना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात हे कुळ सी. बी. क्लार्क यांनी लिहिलं. त्यांनी जेमतेम मिलिमीटरभर दाण्यावर सगळी भिस्त ठेवली. कुक्षीचे, म्हणजे फुलातल्या पराग झेलणाऱ्या टोकाचे, फाटे तीन आणि दाणा तिधारी, तर सायपेरस गट. फाटे दोन आणि चपट्या दाण्याची कड अक्षाकडे, म्हणजे दाणे ज्या बारीक दांडीवर बसतात तिच्याकडे, तर पायक्रियस. सपाट बाजू अक्षाकडे, तर जंकेलस. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या ग्रंथात (१९०१–१९०८) हीच वाट धरली.

मग १९३५-३६ मध्ये क्यूकेंथाल या जर्मन पाद्र्याने ही सगळी मंडळी पुन्हा एका सायपेरसमध्ये कोंबली. पुढे बऱ्याच अभ्यासकांनी ती परत वेगळी केली आणि अलीकडे डीएनएच्या अभ्यासाने पायक्रियस आणि किलिंगा हा असाच आणखी एक गट पुन्हा सायपेरसमध्ये आणून बसवले. नावांची ही ये-जा नव्या माणसाला वैताग आणते, हे खरं. पण नाव कुठलंही लावा, भिंगाखाली बघायचा असतो तो दाणाच.

म्हणून ऑगस्टमध्ये नुसत्या फुलोऱ्यावरचं लव्हाळं उपटून आणलं, तर ते बहुधा बिननावाचंच राहतं. दाणा पिकल्यावर, पाऊस ओसरला की, त्याच डबक्यावर परत जावं लागतं.