लाकडाचा कापूस: पॅडच्या आत काय असतं आणि ते तिथे आलं कुठून

घरात पडलेला एक सॅनिटरी पॅड परवा कात्रीने उभा कापला, सहज, आत काय निघतं बघायला. आतलं पांढरं थोडं चिमटीत धरून विस्कटलं तर शेवरीच्या कापसासारखं उडायला लागलं, ताटलीत ठेवून चमचाभर पाणी घातलं तर दोन मिनिटांत मधेमधे भिजल्या साबुदाण्यासारखे फुगलेले दाणे दिसायला लागले. दाणे म्हणजे पॉलिमर, पाणी पिऊन फुगणारं एक रसायन. आणि ते पांढरं, ज्याला बहुतेक सगळे कापूस समजतात, ते लाकूड आहे! अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पाइनचं.

लाकूड इथवर पोचलं ते पहिल्या महायुद्धामुळे. 1914 ला किंबर्ली-क्लार्क या अमेरिकन कागद कंपनीचे जेम्स किंबर्ली आणि अर्न्स्ट माहलर युरोपातल्या लगद्याच्या गिरण्या बघायला गेले होते, तिथे त्यांना लाकडाच्या लगद्याचे चुण्या पाडलेले मऊ पदर दिसले. तेच त्यांनी अमेरिकेत सेल्युकॉटन नावाने काढलं. युद्धात कापूस मिळेना आणि जखमांवर बांधायला काहीतरी हवंच होतं, त्यामुळे माल धडाधड खपला, आणि आघाडीवरच्या नर्सनी तो पाळीच्या दिवसांत वापरायला सुरुवात केली, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच शोधलं. 1918 ला युद्ध संपलं, गोदामात माल पडून राहिला, आणि 1920 ला त्याचंच कोटेक्स झालं. बायकांना दुकानदाराकडे मागायची लाज वाटायची म्हणून काउंटरवर डबा ठेवायचे, पैसे टाका आणि पुडा घेऊन जा. (आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही काळी पिशवी आणि वर्तमानपत्राचा कागद आहेच, त्यामुळे हसायला नको.)

पण ते पदर म्हणजे शेवटी टिशू पेपरच. पुढे पदर जाऊन त्यांच्या जागी फ्लफ आला, म्हणजे पिंजलेला लगदा. आणि खरी गंमत इथे आहे. कागदवाल्याची सगळी धडपड तंतू एकमेकांना घट्ट चिकटावेत यासाठी असते, लगदा पाण्यात कुटून कुटून तो तेच करतो, आणि पॅडवाल्याला नेमकं उलटं हवं, तंतू चिकटता कामा नयेत. म्हणून लगद्याच्या जाड शीटमध्ये आधीच एक रसायन घालतात ज्यामुळे तंतूंची एकमेकांवरची पकड सैल होते, मग ती शीट हॅमरमिलमध्ये जाते. हॅमरमिल म्हणजे गादीचा कापूस पिंजणारा आपला पिंजारी, फक्त प्रचंड वेगाने फिरणारा. पाइनच का, तर त्याचे तंतू लांब, साधारण 3 मिलिमीटरच्या आसपास, निलगिरीचे जेमतेम 1 मिलिमीटर. आपल्याकडच्या गिरण्या निलगिरी, सुबाभूळ, बांबूवर चालतात, त्यामुळे पॅड इथे बनला तरी आतला लगदा बराचसा बोटीने येतो.

आता हा तंतू काही स्पंज नाही. पाणी मुख्यतः तंतूंच्या मधल्या पोकळीत राहतं. कोरडा असताना तो ताठ असतो, भिजला की शिजलेल्या शेवयांसारखा लोळतो, पोकळ्या बसतात, वरून दाब आला की सगळं परत बाहेर. जुनी गादी बसते ना, तसंच. 1961 मध्ये पॅम्पर्स हे वापरून फेकायचे डायपर पहिल्यांदा इलिनॉयमधल्या पिओरिया गावात विकून पाहिले, तेव्हापासून डायपरवाल्यांचीही हीच डोकेदुखी होती. आणि योगायोग बघा, त्याच पिओरियातल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात स्टार्चपासून एक पॉलिमर निघाला जो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरायचा, त्याला प्रेमाने सुपर स्लर्पर म्हणायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला जपान्यांनी त्याच जातीचे पॉलिमर पॅड-डायपरमध्ये आणले आणि डायपर एकदम बारीक झाले.

पण दाणे हळू पितात. मधल्या काळात पाणी पटकन खेचून पसरवायला वर एक थर लागतो, आणि तो भिजूनही ताठ राहायला हवा. इथे उपयोगी पडली शर्टाची युक्ती. अमेरिकन शेती खात्याच्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरितो आणि इतरांनी सुती कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून सेल्युलोजच्या (कापूस काय, लाकूड काय, तंतू मुळात याचाच बनलेला असतो) साखळ्यांना एकमेकींशी आडवे टाके घालायचं तंत्र पुढे नेलं होतं. तसेच टाके लगद्याच्या प्रत्येक तंतूच्या आत घातले की तो कुरळ्या केसासारखा वळलेला राहतो, भिजवा, दाबा, परत उसळतो. आधी यासाठी फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं वापरायचे, जी अंगाला लागणाऱ्या वस्तूत कोणालाच नको होती, मग सायट्रिक ॲसिड आलं, म्हणजे आपलं लिंबूसत्व! तंतू त्यात भिजवायचा, वाळवायचा, दीडशे अंशांच्या वर तापवायचा, झालं. मला तरी या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

सगळेच प्रयोग असे गोड निघाले नाहीत. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या रिलाय टॅम्पॉनमध्ये सेल्युलोजवर वेगळीच प्रक्रिया केलेला कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज होता (आइस्क्रीम दाट करायला वापरतात त्याच कुळातला), शोषायचं काम जबरदस्त करायचा, पण टॉक्सिक शॉक सिंड्रोम या जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या जीवघेण्या आजाराच्या केसेसशी त्याचा संबंध दिसला आणि सप्टेंबर 1980 मध्ये कंपनीने माल परत घेतला. नंतर गाजलं ते क्लोरीन, लगदा पांढरा करताना त्यातून डायॉक्सिन हे विषारी द्रव्य तयार होतं हे कळल्यावर गिरण्या हळूहळू क्लोरीन डायऑक्साइडकडे किंवा पेरॉक्साइडकडे वळल्या.

आपल्याकडे हे कोडं एकट्याने सोडवलं कोइम्बतूरच्या मुरुगनंतम यांनी. आधी कापसाचे पॅड करून पाहिले, जमेनात, कंपन्यांचे पॅड का टिकतात हे कळायला दोन वर्षांहून जास्त लागली, आणि उत्तर निघालं पाइनचा लगदा. मग त्यांनी छोटं मशीन बनवलं, त्यातला पहिला टप्पा म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातला मिक्सरच, शीट फोडून फ्लफ करणारा. लगदा मात्र बाहेरूनच आणावा लागायचा.

तो प्रश्न अजून तसाच आहे, म्हणून लोक केळीच्या खोडाकडे वळलेत, अहमदाबादची साथी कंपनी त्याचेच पॅड करते. आणि 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या लॅबने दाखवलं की सायसलच्या पानांतला धागा फॉर्मिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करून पिंजला तर शोषण्यात कापसाला मागे टाकतो. सायसल म्हणजे आपलं घायपात. बांधावर उभं असतं ते, ज्याचा वाख काढून दोर वळायचे.