न्यूरल नेटवर्कचे कंपायलेशन

न्यूरल नेटवर्कचे कंपायलेशन : प्रशिक्षण पूर्ण झालेले न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी गणिती रचना) ज्या चिपवर चालवायचे, तिच्या सूचनासंचात, मेमरीत आणि अंकगणितात बसेल असे त्याचे रूपांतर करण्याची प्रक्रिया. हे काम करणाऱ्या प्रणालीस डीप लर्निंग कंपायलर म्हणतात. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात या प्रक्रियेचा संबंध मुख्यतः कामगंध (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सापळ्यातील पतंग मोबाइलवर मोजण्याच्या निमित्ताने येतो. त्याचा विचार नोंदीच्या उत्तरार्धात केला आहे.

उगम : या तंत्राचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. माणसाने सूत्र लिहावे आणि यंत्राचा कोड कंपायलरने तयार करावा, एवढाच निकष लावला तर थेट १९५७ च्या फोर्ट्रानपर्यंत मागे जावे लागते; पण हा निकष इतका सैल आहे की त्यात बहुतेक सारे संगणन सामावते. दुसरा पक्ष १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ॲटलास व एफएफटीडब्ल्यू या प्रणालींकडे बोट दाखवतो. एकाच गणिताच्या अनेक पर्यायी मांडण्या त्याच यंत्रावर चालवून पाहायच्या आणि जलद ठरेल ती ठेवायची, ही त्यांची रीत. आजच्या स्वयंचलित ट्यूनिंगचे मूळ तेथे आहे हे मान्य करायला हरकत नाही. मात्र संपूर्ण नेटवर्कचा आलेख (कोणत्या क्रियेचे आकडे कोणत्या क्रियेकडे जातात याचा नकाशा) हाताळण्याची कल्पना त्यांत दिसत नाही. ती ठळकपणे येते माँट्रियल विद्यापीठातील थियानो या प्रणालीत (साधारणपणे २००७ ते २०१०). तेथे गणिती पदावली आलेखरूपाने साठवून, तिचे सुलभीकरण करून, त्यापासून सी किंवा (ग्राफिक्स चिपसाठीच्या) कूडा भाषेतील कोड तयार होत असे.

चौथा धागा हॅलाइडचा (२०१२-१३). ही भाषा न्यूरल नेटवर्कसाठी नव्हे, तर छायाचित्रांच्या संस्करणासाठी घडवलेली होती. काय मोजायचे ते एकीकडे आणि कोणत्या क्रमाने, किती तुकड्यांत मोजायचे ते दुसरीकडे लिहावे, ही शिस्त तिने घालून दिली. वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेल्या टीव्हीएम या कंपायलरने (शोधनिबंध २०१८) हीच विभागणी स्वीकारली व तसे नमूदही केले. थियानोचा आलेख आणि हॅलाइडची विभागणी यांच्या संगमातून आजचा कंपायलर घडला, हे मत प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य धरले आहे. गूगलचा एक्सएलए (जाहीर २०१७), फेसबुकचा ग्लो (२०१८) हे कंपायलर आणि कंपायलर बांधण्यासाठीची एमएलआयआर ही चौकट (२०१९) याच काळातील होत.

कार्यपद्धती : गुणाकार-बेरजा जलद करणे हे कंपायलरचे मुख्य काम, असा समज आढळतो. वस्तुतः तो प्रामुख्याने आकड्यांची ने-आण वाचवतो. मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या, ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठीच्या अंदाजानुसार ३२-बिट दशांश (फ्लोटिंग-पॉइंट) गुणाकारास सुमारे ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते, तर तेवढाच आकडा चिपबाहेरच्या डीरॅम मेमरीतून आणण्यास सुमारे ६४०, म्हणजे जवळपास १७० पट. गूगलच्या पहिल्या टीपीयू या न्यूरल नेटवर्कसाठीच्या खास चिपमध्ये (वापर २०१५ पासून, रचना २०१७ मध्ये प्रसिद्ध) २५६ × २५६, म्हणजे ६५,५३६ गुणाकार-एककांची सिस्टॉलिक (आकडे एका एककातून शेजारच्या एककात लयीने सरकतात अशी) मांडणी होती. तिच्या शेजारी २८ मेगाबाइटची अंतर्गत मेमरी होती आणि तीत काय कधी भरायचे हे हार्डवेअर नव्हे, सॉफ्टवेअर ठरवत असे. (सिस्टॉलिक मांडणीचे श्रेय सामान्यतः कुंग व लायझरसन यांच्या १९७८ च्या कामास देतात. काही अभ्यासक दुसऱ्या महायुद्धातील कोलोसस यंत्रात तिचे पूर्वरूप पाहतात. परंतु ते यंत्र दीर्घकाळ गुप्त राहिल्याने पुढील परंपरेवर त्याचा प्रभाव मानणे कठीण आहे.)

ने-आण कशी वाचते हे मोबाइलनेट (२०१७) या नेटवर्कच्या पहिल्या थरावरून स्पष्ट होईल. २२४ × २२४ बिंदूंच्या छायाचित्रातून हा थर ११२ × ११२ × ३२, म्हणजे ४,०१,४०८ आकडे काढतो. ३२-बिट रूपात ते सुमारे १६ लाख बाइट भरतात. कन्व्होल्यूशन (छायाचित्रावर छोटी चाळणी फिरवणे), बॅच नॉर्मलायझेशन (आकडे सामाईक पट्टीवर आणणे) व रेलू (ऋण आकडे शून्य करणे) या क्रिया सुट्या चालवल्यास हा ढीग तीनदा लिहावा आणि दोनदा वाचावा लागतो. कंपायलर नॉर्मलायझेशनचे गुणक आधीच वजनांत (नेटवर्कने शिकलेल्या आकड्यांत) मुरवतो, रेलू त्याच फेरीत उरकतो आणि ढीग एकदाच लिहिला जातो. यास फ्यूजन म्हणतात. मोठा थर अंतर्गत मेमरीत मावेल अशा तुकड्यांत फोडणे, म्हणजे टायलिंग, हा त्याचा जोडीदार.

क्वांटायझेशनमध्ये ३२-बिट दशांश आकड्यांच्या जागी ८-बिट पूर्णांक येतात व जागा चौथाईवर येते. पूर्णांकाची पट्टी कोणत्या किमान-कमाल मर्यादांत ताणायची हे नमुन्याच्या छायाचित्रांवरून ठरवतात. ते नमुने प्रयोगशाळेच्या दिव्याखालचे असतील आणि वापर ढगाळ दुपारी पऱ्हाटीच्या धुऱ्यावर होणार असेल, तर ही मर्यादा चुकू शकते.

चिपला न येणारी क्रिया आली की नेटवर्क तेथे तुटते. गूगलच्या कोरल मालिकेतील एज टीपीयू या छोट्या चिपचा कंपायलर मूलतः पहिल्या अनोळखी क्रियेपासून पुढचे सारे काम सीपीयूकडे (सर्वसाधारण मुख्य प्रोसेसरकडे) सोपवतो. त्यामुळे कागदावर वेगवान चिप असूनही वावरात फोन अडखळू शकतो.

विदर्भातील संदर्भ : २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील बीटी कपाशीची मोठी हानी केली. अळी बोंडात शिरल्यावर बाहेरून दिसत नसल्याने पतंगांची मोजणी महत्त्वाची ठरते. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत आणि प्रतिसापळा ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास उपाय योजावेत, अशी शिफारस रूढ आहे. फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी राखून) घेण्याच्या प्रथेचा अळीच्या प्रसाराशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे.

वाधवानी इन्स्टिट्यूट फॉर आर्टिफिशियल इंटेलिजन्स (स्थापना २०१८) या संस्थेच्या कापसासाठीच्या ॲपमध्ये सापळ्यातले पतंग कागदावर ओतून छायाचित्र काढतात. नेटवर्क त्यातील गुलाबी व अमेरिकन बोंडअळीचे पतंग मोजते. वावरात रेंज नसली तरी मोजणी व्हावी म्हणून नेटवर्कचे संकोचन करून ते फोनमध्येच चालवण्यात आले. येथे एका तांत्रिक मुद्द्याकडे पुरेसे लक्ष जात नाही, असे दिसते. क्वांटायझेशननंतरची अचूकता सहसा सरासरीने सांगतात. परंतु सल्ला ८ या आकड्यावर अवलंबून असताना ७ व ८ यांच्यातील चूक आणि ४० व ४१ यांच्यातील चूक समान धरता येत नाही. पहिलीत फवारणीचा निर्णय बदलतो, दुसरीत नाही. कंपाइल केलेल्या नेटवर्कची पारख याच उंबरठ्याजवळच्या छायाचित्रांवर करणे अधिक योग्य होय.

स्वस्त फोनमध्ये एनपीयू (न्यूरल नेटवर्कसाठीचा खास प्रोसेसर) असतोच असे नाही. तेथे एक्सएनएनपॅकसारख्या लायब्ररीमार्फत साध्या एआरएम सीपीयूच्या व्हेक्टर सूचनाच (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणाऱ्या) वापरल्या जातात. अँड्रॉइड ८.१ बरोबर (२०१७) आलेला एनएनएपीआय हा निरनिराळ्या चिपांसाठीचा सामाईक मार्ग अँड्रॉइड १५ पासून (२०२४) कालबाह्य ठरवण्यात आला असून, त्याऐवजी त्या त्या चिपच्या स्वतंत्र डेलिगेटकडे (नेटवर्कचे काम त्या चिपकडे सोपवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरकडे) वळण्याचा कल आहे.