इलॅस्टोग्राफी

शरीरातील मऊ ऊतकांचा ताठरपणा सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या साहाय्याने मोजण्याचे तंत्र. यकृत, स्तन, अवटू ग्रंथी आणि प्रोस्टेट यांच्या तपासणीत ते वापरतात. साध्या सोनोग्राफीतील ध्वनीचा वेग ऊतकाच्या आकारमान गुणांकावर (सर्व बाजूंनी दाबून आकुंचन पावण्याला होणाऱ्या विरोधावर) अवलंबून असतो व तो मऊ ऊतकांत जवळपास सारखाच असतो. दृढता गुणांक (आकारमान तेच राहून आकार बदलण्याला होणारा विरोध) मात्र रोगामुळे कित्येक पटींनी बदलतो; म्हणून चाचपल्यावर कठीण लागणारी गाठ पडद्यावर नेहमी वेगळी दिसेलच असे नाही.

तंत्राच्या उगमाबद्दल एकमत नाही. जोनाथन ओफिर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ह्यूस्टन येथून प्रसिद्ध केलेला लेख सामान्यतः आरंभबिंदू मानतात; प्रचलित नावही त्यातलेच. त्यांनी ऊतक किंचित दाबून, दाबापूर्वीचे व नंतरचे प्रतिध्वनी ताडून विकृती (दाबामुळे ऊतकाच्या आकारात झालेला बदल) मोजली. परंतु ऊतकांची हालचाल प्रतिध्वनींवरून टिपण्याचे काम १९८२ च्या सुमारास झाले होते, तर बाहेरून कंपने देऊन ती डॉप्लरने (हालचालीमुळे ध्वनीच्या वारंवारतेत होणाऱ्या बदलावरून) पाहण्याचे प्रयोग लर्नर व पार्कर यांनी रॉचेस्टर येथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केले. आज प्रचलित असलेल्या बऱ्याच पद्धती कंपनांवर व तरंगांवर आधारलेल्या आहेत, हे पाहता उगम १९८० च्या दशकात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय दाबपद्धतीत आतील प्रतिबल (एकक क्षेत्रफळावर पडणारे बल) अज्ञात राहत असल्याने ताठरपणा केवळ सापेक्ष कळतो.

तरंगपद्धतीत कर्तन तरंगांचा (ज्यांत ऊतक तरंगाच्या दिशेला काटकोनात हलते) वेग मोजतात. श्राव्यातीत ध्वनी ऊतकातून सेकंदाला सुमारे १,५४० मी. वेगाने जातो, तर कर्तन तरंग साधारण १ ते १० मी. वेगाने, त्यामुळे त्यांचा प्रवास टप्प्याटप्प्याने टिपता येतो. घनता, वेगाचा वर्ग आणि ३ यांचा गुणाकार म्हणजे यंग गुणांक, अर्थात ताणाला वा दाबाला होणाऱ्या विरोधाचे माप. वेग १.३ मी. असल्यास तो सुमारे ५ किलोपास्कल येतो, २ मी. असल्यास १२. एमआरआयवरील पद्धत मेयो क्लिनिकमधील मुथुपिल्लई, एहमन आदींनी १९९५ मध्ये मांडली. तिच्या अहवालात बहुधा दृढता गुणांक देतात आणि तो यंग गुणांकाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. दोन्हींचे एकक किलोपास्कलच असल्याने हे आकडे थेट ताडू नयेत. अहवालात गुणांकाचे नाव असलेच पाहिजे.

फायब्रोस्कॅनसाठी (यकृताचा ताठरपणा कर्तन तरंगांनी मोजणारे उपकरण) रुग्ण काही तास उपाशी असावा लागतो. त्याला उताणे झोपवून उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात आणि बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवून ५० हर्ट्झचा हलका धक्का देतात. नेहमीच्या प्रोबने त्वचेखाली २५ ते ६५ मिमी. खोलीवर मापन होते. दहा ग्राह्य मापनांचा मध्यक घेतात. निरोगी यकृतात तो ५ किलोपास्कलच्या आसपास असतो, १२.५ च्या वर सिरोसिसची शंका घेतात, मात्र ही मर्यादा मूळ आजारानुसार बदलते. तीव्र यकृतदाह, पित्तमार्गातील अडथळा, हृदयविकाराने यकृतात तुंबलेले रक्त किंवा नुकतेच झालेले जेवण यांमुळे तंतुमयता (यकृतात व्रणासारखे तंतू साठणे) नसतानाही आकडा वाढतो. जलोदरात कर्तन तरंग द्रवातून जात नसल्याने मापन फसते.

स्नायू व कंडरांत तंतूंच्या दिशेनुसार वेग बदलतो. तेथे वरील सूत्र सरळ लागू पडत नाही.