पगडीवाल्या वेटरांचे कॉफी हाऊस

कॉफी हाऊसच्या आठवणी निघाल्या की बोलणे ठरलेल्या वाटेने जाते. एका कपावर तासन्‌तास रंगलेल्या गप्पा, शेजारच्या टेबलावरचा कवी, कोपऱ्यात बसून सरकार पाडणारे समाजवादी. अलाहाबादचे सिव्हिल लाइन्स असो की कोलकात्याचा कॉलेज स्ट्रीट, चित्र साधारण हेच. ते खोटे नाही. पण त्यात कॉफी आणून देणारा माणूस क्वचितच दिसतो. ‘इंडिया कॉफी हाऊस’ ही साखळी सुरू झाल्यापासून वीस-एकवीस वर्षांतच संपली नाही, ती त्याच्यामुळे. म्हणून तिची गोष्ट त्याच्याही बाजूने सांगायला हवी.

सुरुवात झाली ती कॉफी खपत नव्हती म्हणून. १९३०च्या आसपासच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि म्हैसूर, कोडगू, निलगिरीचे मळेवाले अडचणीत आले. १९३५मध्ये कायदा करून कॉफीवर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून कॉफीचा प्रचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. दक्षिणेबाहेर कॉफी पिणारे थोडे. मुंबईत इराण्याचा चहा घट्ट पाय रोवून होता आणि आपल्याकडे घरात कॉफी व्हायची ती जायफळ घालून, भरपूर दुधाची, तीही पाहुणे आले की. लोकांना कॉफीची गोडी लावायची तर आधी ती नीट करून पाजायला हवी, या विचाराने समितीने १९३६मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. देशभर पसरलेल्या या साखळीचे मूळ मुंबईत आहे, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी माहीत नसते.

पुढे दुसरे महायुद्ध आले. युरोपचे गिऱ्हाईक तुटले आणि माल देशातच खपवण्यावाचून इलाज उरला नाही. १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्ड या सरकारी मंडळाला मोठे अधिकार मिळाले. मळेवाल्यांनी आपली कॉफी बोर्डाकडे जमा करायची, बोर्डाने ती विकायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे. कॉफी हाऊसेही बोर्डच चालवत होते. त्या दशकात त्यांची संख्या पन्नासच्या घरात गेली. कोलकात्याच्या अल्बर्ट हॉलमधले प्रसिद्ध कॉफी हाऊस याच काळातले.

आज ज्याची आठवण काढली जाते ते रूप तेव्हाच घडले. पांढरा गणवेश, पंख्यासारखा तुरा उभा असलेली पगडी, कमरेला रुंद रंगीत पट्टा. थाट साहेबी क्लबाचा, दर मात्र कारकुनाला आणि विद्यार्थ्याला परवडणारे. माझ्या मते कॉफी हाऊसची जादू या जोडीत होती. महिनाअखेरीला खिशात चिल्लर असलेल्या माणसासमोरही तो पगडीवाला तितक्याच अदबीने कप ठेवायचा. आणि नफा हा मूळ हेतूच नसल्याने टेबल अडवून बसलेल्याला उठवायची कोणाला घाई नसे. आपण ज्याला ‘कॉफी हाऊस संस्कृती’ म्हणतो, तिचा खर्च बराच काळ बोर्डाने उचलला होता.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर बोर्डाचे धोरण बदलले. कॉफी हाऊसे बंद करायची असे ठरले आणि कामगारांवर बेकारीची पाळी आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते : बंद करण्यापेक्षा ही दुकाने कामगारांच्याच हाती द्या, त्यांनी सहकारी संस्था काढून ती चालवावीत. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळुरूत पहिली संस्था स्थापन झाली, त्यानंतर दिल्लीतही. मार्च १९५८मध्ये केरळातले पहिले कॉफी हाऊस त्रिशूरला सुरू झाले. साखळी आता ‘इंडियन कॉफी हाऊस’ झाली. भागधारक कामगारच, कारभारी मंडळही त्यांनीच निवडायचे. साखर कारखान्यांमुळे सहकार जवळून पाहिलेल्या महाराष्ट्राला यातले धाडस लवकर कळेल : ज्यांना नोकरीवरून काढायचे ठरले होते, तेच मालक झाले.

पुढे या साखळीलाही अनेक शहरांत ओहोटी लागली. तिची कारणे बहुतेक जागेशी निगडित आहेत. ही कॉफी हाऊसे शहरांच्या ऐन मोक्यावर, जुन्या भाड्याच्या इमारतींत होती. दिल्लीत कॅनॉट प्लेसचे कॉफी हाऊस आणीबाणीत, १९७६ साली पाडले गेले. बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावरचे २००९मध्ये जागा सोडून चर्च स्ट्रीटला गेले. चर्चगेटची ती पहिली शाखाही उरली नाही. स्वस्त कॉफी आणि बाजारभावाने भाडे, हे गणित सहकारी संस्थेला कुठेच सुटत नाही.

१९९६ साली मळेवाल्यांना सगळी कॉफी खुल्या बाजारात विकण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी चिक्कमगळुरूचे मळेवाले व्ही. जी. सिद्धार्थ यांनी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’ सुरू केले. एका पिढीने पहिल्या भेटी, पहिल्या मुलाखती तिथे उरकल्या. कर्जाचा डोंगर आणि २०१९मधला सिद्धार्थ यांचा मृत्यू, यानंतर त्याच्याही शेकडो शाखा बंद पडल्या आणि आता हळहळ त्यांच्यासाठी व्यक्त होते.

कामगारांच्या संस्था मात्र काही ठिकाणी चांगल्या चालल्या आहेत. जबलपूरच्या संस्थेचा पसारा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडभर आहे. केरळात तर मसाला डोशात लालभडक बीट घालणारे कॉफी हाऊस हे रोजच्या जेवणाखाण्याचे ठिकाण आहे. तिरुवनंतपुरमच्या तंपानूरमधले, वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी बांधलेले गोल चढणीचे कॉफी हाऊस पाहायला पर्यटक जातात. पण त्याचा खरा आधार म्हणजे जवळच्याच रेल्वे आणि बस स्थानकावर उतरणारे प्रवासी.