एसीच्या कामाचा विमा: पॉलिसी असूनही कागद परत का येतात

ठाणे-नवी मुंबईत स्प्लिट बसवणं, डक्टिंग, व्हीआरएफ (एका आउटडोर युनिटवर अनेक खोल्या), चिलरची (मोठ्या इमारतीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) देखभाल अशी कामं घेणाऱ्या बहुतेकांच्या फाइलमध्ये एखादी पॉलिसी असतेच. तरी घोडबंदर रोडवरच्या टॉवरचा मॅनेजर ती परत करतो, महापेच्या कंपनीतला सेफ्टी ऑफिसर गेटपास अडवतो, आणि सरकारी कामात तर बिलातून पैसे कापले गेल्यावरच काहीतरी चुकल्याचं कळतं. चूक बहुतेक वेळा एकच असते: पॉलिसी एका कामाची, वर्क ऑर्डर दुसऱ्याच कामाची. एजंटाला फोन करून "एक डब्ल्यूसी काढून दे रे" म्हणायची सवय त्याला कारण. वर्क ऑर्डरमधलं विम्याचं कलम त्याला आधी पाठवा, दर मग विचारा.

सहसा तीन गोष्टी मागतात. कामगारांसाठी डब्ल्यूसी, म्हणजे कर्मचारी भरपाई विमा. त्रयस्थांच्या नुकसानीसाठी पब्लिक लायबिलिटी. आणि मोठं काम असेल तर इरेक्शन ऑल रिस्क, म्हणजे यंत्रणा उभारतानाच्या नुकसानीचा विमा, ज्याला सगळे ईएआर म्हणतात. टेम्पोचा आणि बाइकचा थर्ड पार्टी विमा कायद्यानं लागतोच, त्यावर वेगळं काही लिहायला नको.

सोसायटीला तुमच्या पॉलिसीशी काय देणंघेणं?

हा प्रश्न तावातावानं विचारला जातो. भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात याचं उत्तर आहे. मालकानं स्वतःच्या धंद्याचं काम कंत्राटदारामार्फत करून घेतलं आणि त्यात कामगाराला अपघात झाला, तर कामगार थेट त्या मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकानं ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. कंपन्या याला घाबरून असतात, आणि सोसायट्यांनीही तीच अट उचलली आहे. खासगी विमा काढणं कायद्यानं सक्तीचं नाही. भरपाई देणं सक्तीचं आहे. विम्याची सक्ती येते ती वर्क ऑर्डरमधून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि भरपाईचा ढाचा तिच्यातही तोच आहे. वर्क ऑर्डरमध्ये अजून १९२३ चा कायदा लिहिलेला दिसला तर गेटवर वाद घालू नका.

रक्कम किती, याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, साधारण १५ लाख ६० हजार. पंचविशीतला मुलगा असेल तर १६ लाखांच्या वर. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात. कोपरखैरण्यातला चार माणसांचा गाळा ही रक्कम खिशातून कुठून देणार?

इथेच स्वस्त पर्याय पुढे केले जातात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. योजना चांगली आहे, प्रत्येक कामगारानं घ्यावीच. ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंटही चांगला. पण या दोन्हींनी कामगाराला पैसे मिळतात, तुमची कायद्याची जबाबदारी उतरत नाही. डब्ल्यूसीच्या जागी हे कागद जोडले तर ते परत येणारच, आणि ते परत करणाऱ्याचं काही चुकत नाही.

ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, गोंधळ वेगळा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २१,००० पर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआयसी लागू होते. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. जो ईएसआयसीत आहे त्याला त्याच अपघातासाठी भरपाई कायद्याखाली वेगळी मागणी करता येत नाही, त्यामुळे त्याची डब्ल्यूसी काढणं म्हणजे प्रीमियम वाया घालवणं. पण २१,००० च्या वरचा सीनियर टेक्निशियन ईएसआयसीत बसत नाही. साइटवर बारा जण जाणार, ईएसआयसीच्या चलनाच्या यादीत आठ, तर उरलेल्या चौघांची डब्ल्यूसी हवी. दोन्ही कागद मिळून हजेरीची संख्या जुळली पाहिजे. "आमची ईएसआयसी आहे" एवढं सांगून सेफ्टी ऑफिसर गप्प बसत नाही, बसूही नये.

डब्ल्यूसीच्या शेड्यूलमधले रकाने

पॉलिसीचं पहिलं पान सगळे बघतात, शेड्यूल, म्हणजे तपशिलाचा तक्ता, कुणी वाचत नाही. अलीकडे पाहिलेल्या एका शेड्यूलमध्ये कामाच्या ठिकाणापुढे गाळ्याचा पत्ता, सेक्टर आणि गाळा नंबरासकट. कामाच्या स्वरूपापुढे "एसी दुरुस्ती दुकान". माणसं मात्र ऐरोलीतल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर आउटडोर युनिट चढवणार होती. गेटवरच्या माणसानं कागद परत केला म्हणून कंत्राटदार चिडला होता. खरं तर त्यानं उपकारच केले. ठिकाणाच्या रकान्यात "भारतात कुठेही" किंवा निदान ज्या साइट आहेत त्यांची नावं हवीत. स्वरूपात बसवणं, दुरुस्ती, देखभाल आणि उंचीवरचं काम हे शब्द हवेत.

उंचीचा प्रश्न प्रपोजल फॉर्ममध्येच विचारतात. इमारतीच्या बाहेरच्या बाजूनं काम करता का, ब्रेझिंग (पाइप तापवून जोडणं) किंवा वेल्डिंग करता का. प्रीमियम कमी व्हावा म्हणून एजंट दोन्हीकडे "नाही" भरतो आणि तुम्ही न वाचता सही करता. आउटडोर युनिट घराच्या आत बसवत असाल तर खुशाल "नाही" लिहा. तांब्याच्या पाइपचे बरेच जोड गॅसच्या टॉर्चनं करावे लागतात हे विमा कंपनीलाही माहीत असतं, फक्त ते तिला क्लेमच्या वेळी आठवतं. नवीन स्प्लिटमधला आर-३२ वायू थोडाफार ज्वलनशील आहे. फॉर्ममधलं उत्तर खोटं असेल तर सगळी पॉलिसी ठिसूळ होते.

माणसांची संख्या आणि वेतन हा पुढचा अडथळा. डब्ल्यूसी सहसा नावांशिवाय निघते: टेक्निशियन इतके, हेल्पर इतके, वर्षाचं वेतन इतकं. उन्हाळ्यात माणसं दुप्पट होतात, पॉलिसीत मात्र जानेवारीचा आकडा राहतो. मार्चमध्येच वाढीव संख्येचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी बदल, करून घ्या. वेतनही खरं लिहा. भरपाईचा हिशेब १५,००० वर होतो म्हणून पॉलिसीतही तेवढंच लिहायचं, असा समज आहे. तो चुकीचा. प्रीमियम प्रत्यक्ष वेतनावर आकारला जातो, आणि वेतन-नोंदवहीत २२,००० व पॉलिसीत १२,००० दिसले तर क्लेमच्या वेळी हाच फरक पुढे येतो.

डक्टिंगचं काम दुसऱ्या टोळीला दिलं असेल, तर ती माणसं तुमच्या पॉलिसीत आपोआप येत नाहीत. पोटकंत्राटदाराच्या कामगारांचा समावेश वेगळा लिहून घ्यावा लागतो. उपचारखर्चाचंही तसंच. त्याची मर्यादा वेगळी घालून घ्यावी लागते, आणि ती किती हे आकड्यात बघा, "मेडिकल आहे ना" एवढ्यावर समाधान मानू नका.

तारखांबद्दल एकच, पण महत्त्वाचं. आयुर्विमा किंवा मेडिक्लेममुळे लोकांच्या डोक्यात ग्रेस पिरियड बसलेला असतो. डब्ल्यूसीला तो नाही. मुदत मध्यरात्री संपली की संपली, आणि प्रीमियम जमा होण्याआधी जोखीम सुरू होत नाही, हा १९३८ च्या विमा कायद्यातलाच नियम आहे. आज सकाळी पैसे भरून कालच्या तारखेची पॉलिसी मागणारे दर महिन्याला भेटतात. ती मिळत नाही, आणि मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

पब्लिक लायबिलिटी: नाव एक, पॉलिसी दोन

१९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याखालची पॉलिसी धोकादायक रसायनं ठरावीक प्रमाणाहून जास्त हाताळणाऱ्यांसाठी आहे. भोपाळनंतर आलेला कायदा तो. तुर्भ्याच्या अमोनियावर चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजच्या मालकानं तिचा विचार करावा. तुम्ही त्याच्याकडे कॉम्प्रेसर दुरुस्तीला जात असाल तर तुम्हाला हवी ती साधी पब्लिक लायबिलिटी किंवा कमर्शियल जनरल लायबिलिटी. स्वस्त मिळाली म्हणून पहिली घेऊन आलेले लोक आहेत. नावात साम्य असल्यानं मॅनेजरही कधी ती स्वीकारतो, आणि मग युनिट खालच्या गाडीवर पडल्यावर दोघंही अडकतात.

वर्क ऑर्डरमध्ये रकमेसोबत गुणोत्तर असतं, एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती. ते तंतोतंत जुळवा. शिवाय पॉलिसीतून वगळलेल्या दोन गोष्टी वाचाच. ज्या मशीनवर तुम्ही काम करताय, त्याच मशीनचं नुकसान सहसा लायबिलिटीत येत नाही, कारण ते तुमच्या ताब्यात आहे असं धरतात. दुसरी, काम संपवून तुम्ही निघून गेल्यावर दोन महिन्यांनी ड्रेन पाइप सुटला आणि खालच्या मजल्यावरचं फॉल्स सीलिंग भिजलं, तर "पूर्ण झालेली कामं" हा भाग पॉलिसीत असेल तरच पैसे मिळतात. एसीवाल्यांचे बरेच तंटे या पाण्याचेच असतात, म्हणून हा भाग सोडू नका.

मोठी आणि सरकारी कामं

ईएआरमध्ये विमा रक्कम म्हणजे संपूर्ण काम: माल, वाहतूक, मजुरी, आणि चिलर मालकानं आणून दिला असेल तर त्याचीही किंमत. फक्त स्वतःच्या मजुरीचा आकडा टाकला की नुकसानीच्या वेळी त्याच प्रमाणात कपात होते. चाचणीचा काळ सहसा चार आठवडे असतो. महावितरणचं कनेक्शन रखडलं, चिलर सुरू झालाच नाही, आणि पॉलिसी संपली, हे वारंवार घडतं. पॉलिसी संपण्याआधीच मुदतवाढ मागायची असते.

आता सरकारी कामं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदेत स्पष्ट अट असते की ऑल रिस्क आणि कामगार विमा महाराष्ट्र राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच घ्यावा, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी चालणार नाही. न घेतल्यास संचालनालयानं काढलेला प्रीमियम बिलातून वसूल करतात. म्हणजे खासगी कंपनीला एकदा भरायचं आणि बिलातून पुन्हा. महापालिका, सिडको किंवा एमआयडीसीची निविदा भरताना हीच अट आहे का, हे दर भरण्याआधी शोधा, कारण ती अटींच्या ढिगाऱ्यात खोल पुरलेली असते. संचालनालयाचं कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. प्री-बिड मीटिंगमध्ये याबद्दल कुणी स्वतःहून बोलत नाही. का, ते अधिकारीच जाणोत.

कागद आणि खर्च

पॅन, जीएसटी, पत्त्याचा पुरावा, वर्क ऑर्डर, कामगारांची वर्गवारीनुसार यादी. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक विम्याला केवायसी लागतेच. उद्यम नोंदणी फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. अडतं ते गुमास्त्याशी, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीशी. छोट्या आस्थापनेला २०१७ च्या कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्र मिळत नाही, फक्त सूचना दिल्याची पावती मिळते. तरी कारकून "सर्टिफिकेट आणा" म्हणत राहतो. जे अस्तित्वातच नाही ते कुठून आणणार? पावतीसोबत कामगारसंख्या लिहिलेलं स्वतःचं एक पत्र जोडा, बहुतेक वेळा भागतं. आणि नाव सगळीकडे एकच हवं. पॅनवर स्वतःचं नाव, जीएसटीवर "एंटरप्रायझेस", वर्क ऑर्डरवर "सर्व्हिसेस", अशी फाइल हमखास परत येते.

खर्चाचं म्हणाल तर ठरावीक दरपत्रक नाही. २००७ पासून दर कंपन्याच ठरवतात. हिशेबाची पद्धत मात्र साधी. सहा माणसं, सरासरी १८,०००, म्हणजे वर्षाचं वेतन १२ लाख ९६ हजार. समजण्यापुरता हजारी १० रुपये दर धरला तर प्रीमियम १२,९६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १५,२९३ च्या आसपास. उंचीवरच्या कामानं, मागच्या क्लेमनं दर चढतो. जीएसटीचं क्रेडिट मिळतं का ते सीएकडून बघून घ्या. किमान दोन-तीन कोटेशन मागवा, पण प्रत्येकाला एकच माहिती द्या, नाहीतर स्वस्त कोटेशन म्हणजे फक्त कमी माणसांचं कोटेशन असतं.

अपघात झालाच तर

विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, ईमेल पुरतो. हजेरीपट, वेतन-नोंदवही, पोलिसांचा आणि हॉस्पिटलचा कागद जपून ठेवा. मृत्यू झाला असेल तर एक गोष्ट जिवावर येते, तरी पाळावी लागते: भरपाईची रक्कम घरच्यांच्या हातात द्यायची नाही, भरपाई आयुक्तांकडे (नव्या संहितेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे) जमा करायची. माणुसकीनं विधवेला दिलेले पाच लाख कायद्याच्या हिशेबात भरपाई म्हणून धरले जात नाहीत आणि मालकाला पुन्हा भरावं लागतं. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल देता येते, ती जरूर द्या आणि सही घ्या. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही; व्याज भरेल की नाही हे पॉलिसीत काय लिहिलंय त्यावर अवलंबून. तेही आजच उघडून बघा.